म्हापशातलं फोटो फ्रेमचं दुकान, नक्की जा

दादा 2015 ला कामावर जातो म्हणून निघाला तो परत आलाच नाही, स्कूटर फेरीधक्क्याजवळ मिळाली, बाकी काहीच नाही. 7 वर्षं पत्ता नसला की कायद्याने मृत धरता येतं असं वकील म्हणाले, पण आई ऐकत नाही, अजून रात्री दाराला कडी लावू देत नाही. त्याचा एकच चांगला फोटो होता तो पावसात ओल लागून खराब झालेला, दुकानातल्या काकांनी कॉम्प्युटरवर चेहरा इतका नीट करून दिला, हनुवटीवरचा तीळसुद्धा! फ्रेम करताना हळूच विचारलं, "बाय, हार नको ना?" तिथेच रडू आलं मला. 450 रुपये घेतले. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, दुसऱ्या कुठल्याही दिवशी जा.