खोक्यावर 12,000 वॅट, आत चालू स्पीकर एकच

8,500 रुपये गेले, टॉवर स्पीकरच्या एका जोडीत. प्रत्येक टॉवरवर पाच गोल, वर जाळी, खोक्यावर 'पीएमपीओ 12,000 वॅट' आणि एमआरपी 24,999. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, ही शुद्ध थाप, एवढं मलाही कळतं. म्हणून तर आरएमएस विचारला, म्हणजे स्पीकर सतत देतो ती खरी ताकद. "80 वॅट," दुकानदार पापणी न लवता म्हणाला.

ॲडाप्टरवर छापलंय 12 व्होल्ट, 2 अँपिअर. म्हणजे 24 वॅट. ॲडाप्टरच 24 देतोय, तर स्पीकर सतत 80 वॅट आणणार कुठून? हा गुणाकार दुकानातच करा. एडिफायर कंपनीच्या आर1280टी स्पीकरवर सरळ 42 वॅट आरएमएस लिहिलेलं असतं, 21 अधिक 21. खरा आकडा असा लहानच दिसतो.

घरी जाळी उचकटली. पाचातला चालू एक, चार इंची. तीन म्हणजे समोरचे नुसते शंकू, मागे ना कॉइल ना चुंबक, ग्लू गनने चिकटवलेले. 'ट्वीटर', म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, निघाला चंदेरी प्लॅस्टिकची टोपी. वजन लागावं म्हणून तळाशी फरशीचा तुकडा! मल्टिमीटर असेल तर 8 ओहमचा खरा स्पीकर साधारण 6 दाखवतो. ट्वीटरला सिरीजमध्ये कपॅसिटर असतो, तो मीटरचा प्रवाह अडवतो, म्हणून मीटर थेट ट्वीटरच्या टोकांना लावा.

जाळी काढून दाखवा असं मी दुकानातच म्हटलं होतं. "कंपनी सील आहे साहेब, वॉरंटी जाईल." तिथूनच निघायला हवं होतं. चांगल्या टॉवरची जाळी बहुधा खुंट्यांवर नाहीतर चुंबकावर बसते, बोटांनी निघते. पण आवाज दणदणीत होता हो, बेस पायांना जाणवत होता! तो काउंटरखालच्या वेगळ्याच सबवूफरचा, हे कुणाच्या डोक्यात येईल? डेमोला बाकीच्या वायरी काढायला लावा. गाणं आपल्याच फोनवरून, इक्वलायझर बंद.

पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर, म्हणजे 1,530. कच्चं घेतलं, बाजारात निम्मे लोक तेच घेतात. आणि तिथेच सगळे अडवतात. चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनवर म्हणे पक्कं बिल अपलोड करा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, सदोष माल परत न घेणंही. बिलावर परतीची मुदत नसेल तर ती 30 दिवस. हे मी समोरच्या साहेबांना वाचून दाखवायचं? यूपीआयची नोंद दाखवली, तर नाव दुकानाचं नाही, मालकाच्या मेव्हण्याचं. क्यूआरवर दुकानाचं नाव येत नसेल तर पैसे टाकू नका.

त्याच काउंटरवर नामांकित ब्रँडचे ब्लूटूथ हेडफोन 900 रुपयांत होते. तसल्या मालावरचा 'आर' नंबर, म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा नोंदणी क्रमांक, तिच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. नंबरही चोरतात, तेव्हा ॲपमधला उत्पादक आणि खोक्यावरचा उत्पादक एकच आहे का ते बघा.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. मी तिथेच अर्ज टाकलाय. खोकं फोडण्यापासून जाळी निघेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, ॲडाप्टरच्या लेबलसकट. नाहीतर 'आतला माल तुम्हीच बदललात' हे ऐकून घ्यावं लागतं.