ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किती टिकतो? गुहागर-कुंभार्लीच्या रस्त्यावरचे बावीस महिने

ऑगस्ट २०२३ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, मी एक २०१७ ची सात आसनी डिझेल एसयूव्ही जुन्या बाजारातून घेतली. मीटरवर ९६,००० किलोमीटर होते. आज १,४१,००० झालेत. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव त्या एका मॉडेलपुरता नाही. आत सहा स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि मागच्या चाकांना ताकद जाते. आपल्याकडच्या मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपमध्ये साधारण हीच मांडणी असते.

ऑटोमॅटिक घेण्याचं कारण माझा डावा गुडघा. ऑपरेशननंतर क्लच दाबून कुंभार्ली घाट चढणं मला झेपेना. घरच्यांचा मात्र विरोध होता. "लाखाला टेकलेली ऑटोमॅटिक कोण घेतं?" हा प्रश्न मी तेव्हा निदान दहा जणांकडून ऐकला. त्यांची भीती समजण्यासारखी होती. मॅन्युअलची क्लचप्लेट गेली तर चिपळूणला दिवसभरात बसवून मिळते. ऑटोमॅटिक उघडावा लागला तर खर्च लाखांत जातो आणि गाडी कोल्हापूर नाही तर पुण्याला न्यावी लागते.

पहिले आठ महिने मी खूश होतो. धोपाव्याहून दाभोळला जाताना फेरीबोटीच्या उतारावर गाडी चढवायची तर ब्रेक अलगद सोडायचा, बस. क्लच जळल्याचा वास नाही की गाडी मागे सरकत नाही. पावसाळ्यात बागेकडच्या चिकट लाल रस्त्यावर ताकद हळूहळू चाकांपर्यंत पोचते, त्यामुळे चाकं कमी फिरतात.

तक्रार सुरू झाली एप्रिल २०२४ मध्ये, आंब्याच्या हंगामात. मागच्या दोन्ही रांगा दुमडून दोन डझनांचे चाळीस खोके भरले होते आणि कराडमार्गे पुण्याला निघालो होतो. अलोरे-शिरगावच्या सपाट रस्त्यावर, साठच्या वेगात, पाय हलका असताना गाडीला बारीक थरथर आली. बाजूला चर पाडलेल्या पट्टीवरून टायर जावा, तशी दोन सेकंदं. पाय उचलला की बंद. आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरला. चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, फरक शून्य.

ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली तिथे उत्तर मिळालं, "गिअरबॉक्स सीलबंद आहे, त्याचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. असंच चालवा." मी आणखी दीड महिना तशीच चालवली. या एका गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी चिपळूणच्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते फक्त ऑटोमॅटिकचंच काम करतात. त्यांनी एक चक्कर मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, ह्याचं तेल कधी बदललंत?" मी आयुष्यभराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "कोणाच्या आयुष्यभर? तेलाच्या, गिअरबॉक्सच्या की वॉरंटीच्या?"

मग त्यांनी समजावलं ते इथे लिहितो, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाने भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात. एकाला इंजिन फिरवतं, आणि त्याने भिरकावलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. दोघांच्या वेगात फरक असतो आणि त्या फरकाची उष्णता होते. म्हणून एका वेगानंतर लॉक-अप क्लच दोघांना एकत्र जखडतो. हा क्लच तेलात बुडालेला असतो आणि जखडताना जरासा घसरत घसरत पकडतो. ते घसरणं एकसारखं व्हावं यासाठी तेलात खास रसायनं मिसळलेली असतात. तेल वर्षानुवर्षं तापलं की ती संपतात. मग क्लच पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. माझी थरथर ती हीच. याच तेलाच्या दाबावर गिअरही बदलतात, तेच आतल्या भागांना थंड ठेवतं आणि वंगणही देतं. तेल गेलं की सगळंच जायला लागतं.

गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं पॅन उघडलं तेव्हा तेल काळपट तपकिरी होतं आणि करपल्याचा वास येत होता. नवं तेल सहसा लाल असतं. पॅनच्या चुंबकांवर राखाडी मऊ पेस्ट होती. मिस्त्री म्हणाले, ही झीज नेहमीची, चमकणारे धातूचे तुकडे नाहीत म्हणजे वेळेत आलात. फिल्टर आणि गॅस्केट नवं घातलं.

आता महत्त्वाचा मुद्दा. पॅनचा बोल्ट उघडला की सगळं तेल बाहेर येत नाही. माझ्या गिअरबॉक्सात एकूण दहा लिटरच्या आसपास तेल, आणि एका खेपेला चारच लिटर निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. मशीन लावून दाबाने सगळं एकदम काढण्याचा पर्याय होता, पण एक लाखाच्या वर गेलेल्या आणि कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला मिस्त्रींनी तो नको म्हटलं. त्याऐवजी दर हजारेक किलोमीटरला चार लिटर काढायचं आणि तेवढंच घालायचं, असं तीनदा केलं. हिशेब करून बघा, तीन खेपांनंतर सुमारे ७८ टक्के तेल नवं होतं. पहिल्या खेपेनंतर थरथर निम्म्यावर आली आणि तिसऱ्यानंतर गेली, ती आजपर्यंत परतलेली नाही. तेल, फिल्टर आणि मजुरी धरून मला सगळे मिळून एकोणीस हजारांना पडलं. ज्या दर्जाचं तेल गाडीच्या पुस्तकात छापलंय तेच घातलं. या गिअरबॉक्सला डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) नाही. इंजिन चालू ठेवून, तेल ठराविक तापमानाला आल्यावर, ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून पातळी बघतात. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात गाडी देऊ नका.

"तेल बदललं की जुना ऑटोमॅटिक बसतो" हे मीही ऐकलं होतं. होतं असं की गिअर घसरायला लागल्यावर लोक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतात. तोवर क्लचप्लेटा झिजून गेलेल्या असतात. गिअरबॉक्स पुढच्या महिन्यात जातो आणि नाव नव्या तेलाचं होतं.

जेडएफ ही जर्मन कंपनी जगातल्या कितीतरी मोठ्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. ती स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी तेल बदला. गिअरबॉक्स बनवणारा असं म्हणत असताना गाडी विकणाऱ्याच्या 'लाइफटाइम'वर मी का विश्वास ठेवावा? अमेरिकेत फोर्ड एफ-१५० सारखे फुल-साइज पिकअप बोटी आणि ट्रेलर ओढतात. तिथे अशा कष्टाच्या वापरासाठी देखभालीचं वेगळं, जवळचं वेळापत्रक देतात आणि चढ-उतारावर खालचा गिअर धरून ठेवणारा टो-हॉल मोडही देतात.

आपला कोकण कष्टाच्या वापरातच मोडतो, हे माझं ठाम मत आहे. कुंभार्ली, आंबा, भुईबावडा, आंबोली, कुठूनही वर जा. पंचवीस-तीसच्या वेगात, एसी चालू, गाडी भरलेली, बाहेर मे महिन्याचा उकाडा. लॉक-अप सुटलेला असतो, कन्व्हर्टर घसरत असतो आणि तेल तापत असतं. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर तासन् तास रांगायचं ते आणखी वेगळं. म्हणून मी आता दर ४०,००० ला तेल बदलणार.

चालवण्यातही बदल केले. चढणीला मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरतो, म्हणजे गिअर सारखे वरखाली होत नाहीत. उतारावरही तोच गिअर. ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलवर घाट उतरणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका, इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग ब्रेक अलगद सोडून गाडीला त्यावर टेकू द्यायचं, मग पी (पार्किंग). नाहीतर अडीच टनांचा भार आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतो.

आणखी एक प्रसंग. वेळणेश्वरला पाहुण्यांना सोडायला गेलो आणि गाडी काही केल्या सुरू होईना. गावातली माणसं मदतीला धावली, एकाने तर ट्रॅक्टर आणून दोरही बांधला. न्यूट्रलला टाकून गुहागरपर्यंत ओढायची तयारी होती. मी मिस्त्रींना फोन लावला, ते ओरडलेच. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि मागची चाकं फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे फिरणार. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स संपला असता. फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) येईपर्यंत चार तास गाडीजवळ बसून राहिलो. दोष निघाला फक्त बॅटरीच्या टर्मिनलचा. ऑटोमॅटिक घेणाऱ्या प्रत्येकाने घरच्यांनाही हे सांगून ठेवावं. पुळणीत रुतलेली गाडी जेमतेम दहा फूट ओढून काढणं वेगळं, पण तिथेही एक्सलरेटर दाबून चाकं फिरवत बसलात की तेल भराभर तापतं.

एएमटी (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं) आणि ड्युअल क्लचवाल्यांना (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) यातलं बरंच लागू नाही. त्यांचे क्लच वेगळे आणि त्यांची दुखणी वेगळी.

जुनी ऑटोमॅटिक बघायला गेलात तर रात्रभर थंड राहिलेली गाडी सुरू करा. पी मधून आर (रिव्हर्स), मग डी (ड्राइव्ह). एक-दीड सेकंदात गाडीने पकड घ्यायला हवी. उशीर किंवा धक्का असेल तर परत फिरा. मग साठच्या वेगात हलक्या पायाने दहा मिनिटं चालवा, थरथर असेल तर कळेल. तेल बदलल्याची पावती मागा. आणि चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी होती का, हे खोदून विचारा, कारण ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) आत गेलेलं पाणी बाहेरून दिसत नाही.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. गाडी खालून उचलून तेल थंड करणाऱ्या नळ्या बघा. माझ्या एका नळीवर क्लिपजवळ खारट हवेने गंज धरला होता. ती फुटली असती तर तेल काही मिनिटांत बाहेर आणि आपण घाटात. गेल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, दोन्ही नळ्या नव्या घातल्या. मिस्त्रींनी क्लिपखाली रबराचे तुकडे घालून दिलेत आणि दर पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्यायला सांगितलंय.