प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी: चौदा वर्षं हप्ता, एक दावा

मी कराडला जनरल सर्जन आहे. पंधरा खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल, बायको भूलतज्ज्ञ. २०११ पासून माझी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी आहे, म्हणजे रुग्णानं भरपाई मागितली तर ती आणि वकिलाचा खर्च देणारा डॉक्टरचा विमा. पहिली दहा वर्षं एका सरकारी कंपनीची, जानेवारी २०२१ पासून एका खासगी कंपनीची. कंपन्यांची नावं घेत नाही. मला जे सांगायचंय ते थोड्याफार फरकानं बहुतेक सगळ्याच पॉलिसींना लागू आहे.

"कुठली पॉलिसी घेतलीस?" असं डॉक्टरांच्या बैठकीत कुणी विचारलं की उत्तरात हप्ता सांगितला जातो. प्रत्यक्ष दावा केलेला माणूस क्वचित भेटतो आणि भेटला तरी तो बोलत नाही. लाज वाटते. मलाही दोन वर्षं वाटली. म्हणून आता सगळं लिहितोय.

नोव्हेंबर २०२० मध्ये एका एक्केचाळीस वर्षांच्या बाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. खडे होते, सूज जुनी होती, सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं. ऑपरेशन दीड तास चाललं, दुसऱ्या दिवशी त्या चालायला लागल्या, तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. पाचव्या दिवशी पोट फुगलेलं आणि ताप अशा अवस्थेत परत आल्या. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, सुईनं काढलं तर ते पित्त होतं. त्याच रात्री मी स्वतः फोन करून त्यांना पुण्याला पाठवलं. तिथे ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकला. बारा दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. बिल पावणेतीन लाख.

पित्तगळती ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे. चांगल्या हातांकडूनही ती होते. पण हे वाक्य मी आज लिहितोय तेवढ्या सहजपणे तेव्हा त्यांच्या यजमानांना सांगितलं नव्हतं, आणि पुढचं बरंचसं त्यामुळे घडलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये वकिलाची नोटीस आली. मागणी अठरा लाखांची.

इथे पॉलिसीचा पहिला खरा कस लागला. हा विमा गाडीच्या विम्यासारखा चालत नाही. ऑपरेशन ज्या वर्षी झालं त्या वर्षीची पॉलिसी कामाला येत नाही; रुग्णाची मागणी ज्या वर्षी तुमच्यापर्यंत येते त्या वर्षीची पॉलिसी लागू होते. मात्र ऑपरेशन पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतर, म्हणजे मागचं संरक्षण जिथपासून मोजलं जातं त्या तारखेनंतर, झालेलं असावं लागतं. माझं ऑपरेशन जुन्या कंपनीच्या काळातलं आणि नोटीस नव्या कंपनीच्या काळातली. जुनी पॉलिसी संपलेली, म्हणजे तिथे दाद नाही. नव्या पॉलिसीवर रेट्रो तारीख जानेवारी २०२१ असती तर तिथेही नाही. दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात मी सरळ पडलो असतो.

आणि नव्या कंपनीनं पहिल्यांदा पाठवलेल्या शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, तारीख तीच होती, जानेवारी २०२१. ते बायकोच्या नजरेला पडलं. ती भुलेचा चार्ट वाचते तशी प्रत्येक कागदाची प्रत्येक ओळ वाचते. आमच्या एजंटकाकांना तिनं फोन केला. ते मागच्या दहा वर्षांच्या पॉलिसींच्या झेरॉक्स घेऊन स्वतः शाखेत जाऊन बसले, आणि तीन आठवड्यांनी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचा दुरुस्तीचा कागद, आला: रेट्रोॲक्टिव्ह तारीख जानेवारी २०११. मधे एक दिवसही खंड नव्हता म्हणून हे जमलं. तेव्हा मी "एवढं काय त्यात" म्हणालो होतो. त्या एका ओळीमुळे दावा उभा राहिला. कंपनी बदलताना हप्त्यात माझे अडीच हजार वाचले होते, आणि त्यासाठी दहा वर्षांचं मागचं संरक्षण मी जवळपास सोडून दिलं होतं.

नोटीस आली त्याच दिवशी मी कंपनीला ईमेल केला. हे बरोबर केलं. कागदांची यादी दुसऱ्या दिवशी आली: केसपेपर, संमतीपत्र, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, पदव्यांची प्रमाणपत्रं, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी. इथवर कंपनीची सेवा उत्तम होती.

खरी ओढाताण पुढे झाली. २१ नोव्हेंबरला साताऱ्याच्या ग्राहक आयोगाची नोटीस हातात पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून आपण डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला आपलं लेखी उत्तर, तीस दिवसांत द्यावी लागते, आयोग फार तर आणखी पंधरा दिवस देऊ शकतो, आणि त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही हे कितीजणांना माहीत आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. कैफियत मुदतीत गेली नाही तर तुमची बाजू आयोगासमोर नीट येतच नाही. ऑपरेशन कितीही निर्दोष असलं तरी.

आणि पॉलिसीची अट अशी, की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय वकील नेमला तर त्याचा खर्च मिळणार नाही. कंपनीनं मुंबईच्या आपल्या पॅनेलवरच्या वकिलांचं नाव कळवलं. त्यांना साताऱ्याच्या तारखांना येणं जमत नव्हतं. मी स्थानिक वकील मागितले. पत्र गेलं, आठवण गेली, दुसरी आठवण गेली. परवानगी ८ डिसेंबरला आली, म्हणजे सतरा दिवस गेले. ते सतरा दिवस मी ओपीडीत रुग्णांच्या पोटावर हात ठेवून मनात दिवस मोजत होतो. कैफियत १६ डिसेंबरला दाखल झाली, पण ती माझ्या वकिलांनी परवानगीची वाट न पाहता आधीच तयार ठेवली होती म्हणून. त्यांची फी पंच्याऐंशी हजार, कंपनीनं मंजूर केली पन्नास हजार. फरक मी भरला. पैशाचं मला फारसं वाटलं नाही, सतरा दिवसांचं मात्र आजही वाटतं. ज्या कंपनीचा धंदाच वैद्यकीय दायित्वाचा आहे, तिच्याकडे प्रत्येक जिल्ह्यासाठी आधीच मान्य केलेला एक वकील असायला हवा.

आता कंपनीची सगळ्यात चांगली बाजू. दावा ज्यांच्याकडे होता त्या अधिकारी बाई स्वतः डॉक्टर होत्या. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "सर, क्लिप लावायच्या आधीचा फोटो आहे का?" दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्ताशयाच्या मुळाशी दोनच नळ्या जाताना स्पष्ट दिसल्या, मागे यकृत दिसलं, मगच त्या नळ्या बंद करणारी क्लिप लावायची, हा नियम आम्ही सगळे शिकतो. मीही तसं पाहिलं होतं. ऑपरेशन नोटमध्ये लिहिलंही होतं. पण व्हिडिओ नव्हता; रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर पुढची ऑपरेशन्स चढून तो केव्हाच पुसला गेला होता. बाई दोन सेकंद गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, मग नोटवरच उभं राहू." त्यांनी एका मेडिकल कॉलेजच्या सर्जरीच्या प्राध्यापकांचं तज्ज्ञ मत मिळवलं. ते मत नसतं तर आयोगात माझ्या शब्दापलीकडे काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक पित्ताशयाच्या ऑपरेशनला क्लिपच्या आधी सिस्टर मोठ्यानं "फोटो" म्हणते, फोटो निघतो, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकानं वेगळ्या डिस्कवर जातो. त्याला दहा सेकंद लागतात.

दुसरा प्रश्न त्या अधिकारी बाईंनी संमतीपत्राबद्दल विचारला, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. छापील फॉर्म होता. ऑपरेशनचं नाव हातानं लिहिलेलं, रुग्ण बाईंची सही, यजमानांची सही, साक्षीदाराची सही. "संभाव्य गुंतागुंत" या शब्दांपुढे टिंबांची एक ओळ होती, आणि ती कोरी होती. मी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तोंडी सांगितलं होतं, असं मला अगदी मनापासून आठवतं. कागद म्हणत होता की नाही. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं संमती म्हणजे काय हे इतकं सविस्तर सांगून ठेवलंय, त्यावर मी स्वतः ज्युनियर मुलांसमोर बोललेलो आहे.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. वकिलाची नोटीस आल्यावर रुग्ण बाईंच्या यजमानांचा मला फोन आला होता. आवाजात राग नव्हता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नक्की काय झालं होतं तेवढं एकदा सांगा." मी कंपनीला विचारलं. उत्तर आलं: कसलाही संवाद करू नये. पॉलिसीत अट आहे की लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, आश्वासन द्यायचं नाही. ती अट मला समजते. पण काय घडलं ते सांगणं आणि चूक कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी गप्प राहिलो, आणि दीड महिन्यानं तक्रार दाखल झाली. मी बोललो असतो तर ती टळली असती असं छातीठोक सांगता येत नाही. पण उलटतपासणीच्या वेळी ते यजमान माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती पैसे मागणाऱ्या माणसाची नजर नव्हती.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयानं २००१ च्या सुमाराला वेगळा रस्ता धरला: रुग्णाला काही इजा झाली की आपणहून सांगायचं, चौकशी करायची, चूक असेल तर माफी मागून भरपाई द्यायची, नसेल तर ते समजावून सांगून ठाम राहायचं. तिथे दावे आणि त्यांचा खर्च वाढला नाही, उलट कमी झाला. आपल्या विमा कंपन्यांनी निदान एवढं करावं की दुर्घटनेनंतर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरला फोनवर सांगणारं कुणीतरी असावं: नातेवाइकांना बसवा, हे सांगा, असं सांगा, केसपेपरवर लिहा. हप्त्यात मला सगळ्यात आधी ही सेवा हवी आहे.

निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, आम्हाला सव्वादोन वर्षं लागली. शस्त्रक्रियेत निष्काळजीपणा नाही, वेळेत पुण्याला पाठवलं हेही योग्य, असं आयोगानं म्हटलं. पण गुंतागुंतीची माहिती दिल्याचा पुरावा नाही, ही सेवेतली त्रुटी. दोन लाख भरपाई, पंधरा हजार तक्रारीचा खर्च, सर्जन आणि हॉस्पिटल यांनी वैयक्तिक व संयुक्तपणे द्यायचे. भुलेबद्दलची तक्रार फेटाळली.

अपील करायचं का, असं कंपनीनं विचारलं. राज्य आयोगात जायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, पण प्रश्न तो नव्हता. ती कोरी ओळ माझीच होती. मी नको म्हणालो आणि कंपनीला लेखी कळवून रक्कम मुदतीत आयोगात भरली.

परतावा मागितल्यावर आणखी एक फट दिसली. माझी पॉलिसी डॉक्टरची, वैयक्तिक. हॉस्पिटलची वेगळी पॉलिसी असते, ती मी कधी घेतलीच नव्हती. "आदेश दोघांवर आहे, म्हणून निम्मीच रक्कम" असं पत्र आलं. मी तक्रार निवारण कक्षाला लिहिलं: हॉस्पिटल माझ्या एकट्याच्या मालकीचं आहे, आणि दोष सर्जननं घ्यायच्या संमतीबद्दल आहे. दोन महिन्यांनी पूर्ण रक्कम आली, पंचवीस हजारांची एक्सेस, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः सोसायचा भाग, वजा करून एक लाख नव्वद हजार. त्यांनी माझं म्हणणं वाचलं आणि आपलं मत बदललं, याचं श्रेय त्यांना देतो.

नूतनीकरण मी याच कंपनीकडे केलं. मर्यादा एका घटनेसाठी पन्नास लाख होती, ती एक कोटी केली, वर्षाची दोन कोटी. वकिलाचा खर्चही याच मर्यादेतून जातो, हे मला दाव्यानंतर नीट कळलं. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कुणाल साहा प्रकरणात २०१३ साली पावणेसहा कोटींच्या वरची भरपाई झाली हे आठवलं तर पन्नास लाख मोठे वाटत नाहीत. हॉस्पिटलची पॉलिसी घेतली, त्यात नर्सिंग स्टाफ नावानिशी घातला. फौजदारी शिक्षेचा दंड कुठल्याच पॉलिसीत येत नाही, तेव्हा कुणी एजंट तसं सांगत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. कॉस्मेटिक आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया साध्या पॉलिसीत बहुधा वगळलेल्या असतात. त्या करणाऱ्यांनी वेगळं विचारावं.

संमतीपत्र आम्ही नव्यानं मराठीत केलं. पित्ताशयाच्या फॉर्मवर पित्तगळती, नलिकेला इजा, पोट उघडावं लागण्याची शक्यता, पुण्याला हलवावं लागण्याची शक्यता, प्रत्येकासमोर रुग्णाच्या सहीची जागा. मागच्या आठवड्यात एक आजी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत होत्या. चौथ्या ओळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पुण्याला न्यायची वेळ आली तर तुम्ही सोबत येणार का?" मी हो म्हणालो, मग त्यांनी सही केली. ते उत्तरही मी केसपेपरवर लिहून ठेवलंय.