एंजल्स ट्रम्पेटसाठी कापडी ग्रो बॅग: मुळांना उत्तम, पाण्याचे मात्र वांधे

एंजल्स ट्रम्पेट, म्हणजे कर्ण्यासारख्या लोंबत्या फुलांचं ब्रुगमॅन्सिया, कुंडीत लावायचं म्हटलं की हल्ली सर्रास कापडी ग्रो बॅग सुचवली जाते. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. जाड कापडाची ५० लिटरची बॅग या झाडाला प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा सरस ठरते. २० लिटरची बॅग मात्र तेवढ्याच प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा वाईट.

दोन्हींचं कारण एकच: कापडातून हवा खेळते. वाढतं मूळ कडेला पोचलं की त्याचं टोक सुकतं आणि मागून नवी उपमुळं फुटतात. प्लास्टिकमध्ये तेच मूळ भिंतीला लागून गोल फिरत बसतं. हे झाड एका हंगामात कुंडी मुळांनी गच्च भरून टाकतं, त्यामुळे हा फरक इथे खरोखर जाणवतो. पण हवा जिथून आत येते तिथूनच ओल उडते, आणि या मोठाल्या पानांना पाणी किती लागतं ते विचारू नका. कडक उन्हात २० लिटरची बॅग सकाळी भिजवली तरी संध्याकाळपर्यंत कोरडी पडू शकते. वारंवार असा ताण बसला की आधी कळ्या गळतात.

खरेदी करताना लेबलवरच्या लिटरवर विसंबू नका, टेप लावा. व्यास ४० आणि उंची ४० सेंमी म्हणजे साधारण ५० लिटर. ३० बाय ३० म्हणजे जेमतेम २१. त्यातून वर पाण्यासाठी मोकळे सोडायचे ४-५ सेंमी वजा होतात. कापड २५० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरमागे इतक्या ग्रॅम वजनाचं) घ्या. पातळ बॅग भरल्यावर पोट सुटल्यासारखी फुगते आणि झाड कलतं. विणलेल्या प्लास्टिकच्या, आतून लेप दिलेल्या पिशव्याही ग्रो बॅग म्हणूनच विकल्या जातात. त्यांत मुळांची ही छाटणी होत नाही. कापडाला तोंड लावून फुंकर मारा, हवा पलीकडे गेली पाहिजे.

भरताना २ भाग कंपोस्ट, २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे सच्छिद्र खडे) पुरे. काठी झाड लावतानाच तळापर्यंत रोवा. बॅगेला ताठ काठ नसतो, नंतर आधार बांधायला काही सापडत नाही. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत न मुरता बाजूंनी पाझरून जातं, आणि बॅग ओली दिसली तरी आतला गाभा कोरडाच राहतो. अशा वेळी थोडं पाणी घालून १५-२० मिनिटं थांबा, मग पुन्हा घाला. कडक उन्हाळ्यात खाली ५ सेंमी खोल ताटली ठेवली तर बॅग खालून पाणी ओढते. थंडीत ताटली काढून टाका, नाहीतर मुळं कुजतात. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा लगेच पाण्याचा डबा उचलू नका. आधी दोन पेरं बोट आत घालून पाहा. आत ओल असेल तर ऊन उतरल्यावर पानं आपोआप सावरतात.

दुसरी कटकट क्षारांची. झाड खादाड आहे, वाढीच्या काळात दर आठवड्याला लिटरभर पाण्यात १ ग्रॅम २०-२०-२० खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) सहज पचवतं. पण पाणी कापडावरून उडतं आणि क्षार तिथेच राहतात. बाहेर पांढरे पट्टे उमटले, पानांच्या कडा करपू लागल्या की तळातून भरपूर वाहीपर्यंत साधं पाणी सोडा.

जमिनीत वापरायला मात्र बॅग झकास आहे. काठापर्यंत पुरली की बाजूंनी सुकत नाही, मुळं कापडातून थोडी बाहेर जाऊन पाणी शोधतात. कडाक्याचा गारठा पडणाऱ्या ठिकाणी गोठण्याआधी फावड्याने कडेची मुळं तोडून बॅगेसकट झाड आत नेता येतं. जागेसाठी छाटायचं तर खोड जिथे पहिल्यांदा दोन फांद्यांत फुटतं त्या दुबेळक्याच्या वरच छाटा. त्याखाली कापलं की झाड पुन्हा उंच वाढून नवं दुबेळकं फुटल्याशिवाय फुलत नाही. हातमोजे घालाच. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि रस लागलेलं बोट डोळ्याला लागलं तरी बाहुली विस्फारून नजर धूसर होते. मुलं आणि जनावरं फिरतात तिथे ही बॅग ठेवू नये.

बॅग उचलायला शिवलेल्या कड्यांवर फार भिस्त नको. भिजलेली बॅग सहज ४० किलोंच्या घरात जाते, आणि उन्हाने आधी शिवणच विरते. दोघांनी तळाला हात घालून उचलावी. कुंडी बदलताना मुळं कापडात रुतलेली असतात, ओढून काढायला गेलं तर तुटतात. साधी बॅग कापूनच टाकावी लागते. बाजूला वेल्क्रोची उभी पट्टी असलेली मिळाली तर तीच घ्या.