गाडी आवडली, ती विकण्याची पद्धत नाही: दिवाळी पाडव्यापासूनचा अनुभव

गाडीबद्दल आधी थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दल फारशी तक्रार नाही. चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची, पेट्रोल मॅन्युअल गाडी आम्ही २०२५ च्या दिवाळी पाडव्याला घरी आणली. रोज सांगली ते तासगाव नोकरीसाठी जाणं-येणं, अधूनमधून कोल्हापूर आणि मे महिन्यात सगळ्यांना घेऊन गणपतीपुळे. मीटर दहा हजारांच्या पुढं गेलाय. तासगाव रस्त्याला सोळा-सतराचं ॲव्हरेज मिळतं. बसायची जागा उंच असल्यामुळं सासूबाईंना गुडघे न दुखवता चढता-उतरता येतं. आंबा घाटात पाच माणसं आणि एसी असला की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, ते चालायचंच. एकच गोष्ट खरंच खटकते. उसाच्या हंगामात रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तिथं हेडलाइटचा उजेड कमी पडतो. एवढं सोडलं तर गाडी पैसे वसूल आहे.

शाळेतल्या, गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी गाडीबद्दल विचारलं त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, शोरूमचा अनुभव कसा? त्याचं उत्तर लांब आहे. शोरूमचं नाव घेत नाही. आमच्या भागातल्या दोन-तीन ठिकाणी फिरले, थोड्याफार फरकानं सगळीकडं तेच दिसलं.

पहिल्या दिवसापासून जे टोचलं ते हे. गाडी माझ्या नावावर होणार, कर्ज माझ्या पगारावर, चालवणार मी. पण प्रश्न मी विचारला की उत्तर शेजारी बसलेल्या दिरांना. "सर, यात सहा एअरबॅग आहेत." "सर, मॅडमना पार्किंगसाठी कॅमेरा सोपा पडेल." दिरांनी दोनदा सांगितलं की गाडी वहिनी घेताहेत, मला गाडीतलं काही कळत नाही. तरी मान परत तिकडंच वळायची. एका ठिकाणाहून आम्ही त्याच कारणानं उठून आलो. तिथल्या मॅनेजरला ते कारण सांगून आले, कारण न सांगता गेलं तर त्यांना वाटतं गिऱ्हाईक किमतीमुळं गेलं.

टेस्ट ड्राइव्हचंही तसंच. मला मधलं मॉडेल, मॅन्युअल हवं होतं. चालवायला दिली सगळ्यात वरच्या मॉडेलची ऑटोमॅटिक. शोरूमपासून सरळ रस्त्यानं जायचं, वळसा घेऊन परत, तेही सेल्समनच्या अखंड बोलण्यात. अशा फेरीत ना क्लच कळतो, ना हेडलाइट. मी मॅन्युअलच मागितली, संध्याकाळी मागितली आणि गर्दीच्या गल्लीतून नेली. "मॅडम, असं कुणी मागत नाही," असं ऐकावं लागलं. नऊ-दहा लाख देणाऱ्या माणसानं अर्धा तास गाडी चालवून बघितली तर त्यात नवल काय?

आता किमतीकडं येते, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त तिथंच वैतागतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा कर कमी झाला. माझ्या गाडीवर आधी जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के होते, ते १८ वर आले. पेपरात, टीव्हीवर, बोर्डावर सगळीकडं नवी किंमत झळकत होती, आणि ती खरीही होती. एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विमा सोडून गाडीची किंमत, ८ लाख ९० हजार. पण हातात आलेल्या कोटेशनवर त्याखाली बऱ्याच ओळी होत्या. आरटीओ १,११,५००. विमा ४९,८००. एसेन्शियल किट (मॅट वगैरे ॲक्सेसरीज) १४,९९०. गाडीच्या तळाला आणि रंगाला लावायचं अंडरबॉडी आणि सिरॅमिक कोटिंग. एक्स्टेंडेड वॉरंटी. आणि शेवटी बारीक अक्षरात लॉजिस्टिक चार्जेस ७,५००.

मी ते कोटेशन घरी आणून एकेक ओळ तपासली. आपल्याकडं वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के आहे. म्हणजे ९७,९००. नोंदणी फी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००, वर किरकोळ उपकर. कसाही हिशोब केला तरी रक्कम लाखाच्या थोडी वर जाते, अकरा हजार वर जात नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर आलं, "त्यात आरटीओचं बाकीचं पण असतं मॅडम." बाकीचं म्हणजे काय? त्याची पावती मिळेल का? पावतीचा शब्द काढल्यावर आकडा खाली आला. लॉजिस्टिक चार्जेसचंही तेच झालं. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असताना तो वेगळा कशासाठी? लेखी द्या म्हटल्यावर ती ओळच गेली. म्हणजे जो विचारत नाही तो भरतो. माझ्या आधी बसलेले निवृत्त काका बिचारे भरून गेले असणार, हे मला आजही खुपतं.

विम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथं निसटते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) सक्तीचा आहे, आणि त्याचा हप्ता सरकारनं ठरवलेला आहे. हजार ते पंधराशे सीसीसाठी १०,६४० रुपये, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीकडं घ्या, तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस असल्या जोडण्यांत, म्हणजे वर पैसे देऊन घ्यायच्या जादा संरक्षणांत. माझ्या जुन्या गाडीवर ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) साठलेला होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणजे जुन्या विमा कंपनीकडून पत्र आणलं की नव्या गाडीला लागतो. कोटेशनमध्ये त्या जागी शून्य होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), त्याच जोडण्या आणि बोनस धरून बाहेरून पॉलिसी ३१ हजारांच्या आत बसली. ती दाखवल्यावर ऐकवलं, "बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस होणार नाही, आणि डिलिव्हरीला उशीर होईल." कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरणं, हे ती कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर ठरतं, आणि तेच वर्कशॉप माझ्या विमा कंपनीच्या यादीत होतं. विमा कुणाचा घ्यायचा हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. विमा नियामकानं २०१७ साली डीलरांसाठी काढलेल्या नियमांतही सक्तीला जागा नाही. हे शांतपणे सांगितलं आणि विषय मिटला. पण मुहूर्त तोंडावर असताना गाडी लांबेल ही धमकी किती जणांना पेलते?

मुहूर्ताचा असा वापर मला सगळ्यात वाईट वाटला. आपल्याकडं दसरा, पाडवा हे गाडी घ्यायचे दिवस. घरात लहान पोरं दिवस मोजत असतात, आजी ओवाळायचं ताट काढून ठेवते. ही ओढ शोरूमला पक्की ठाऊक असते. म्हणून किट, कोटिंग, विमा यांचे विषय बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर, शेवटच्या आठवड्यात निघतात. किंमत जास्त आहे याचा राग येत नाही, ती तुकड्यातुकड्यानं सांगतात याचा येतो.

यात डीलरची बाजूही बघायला हवी. एक्स-शोरूम किमतीवर त्याला सुटणारं मार्जिन कमी असतं, यार्डात उभ्या गाड्यांवर व्याज चालू असतं, आणि सूट किती द्यायची हेही सगळं त्याच्या हातात नसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला होता. डीलरांनी ठरल्यापेक्षा जास्त सूट दिली तर त्यांना दंड, आणि ते पकडायला गिऱ्हाईक म्हणून माणसं पाठवायची, असा तो प्रकार असल्याचं आयोगानं म्हटलं. चौकशीची सुरुवात एका डीलरच्या निनावी ईमेलवरून झाली होती, आणि त्यात मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागाचाच विषय होता. कंपनी अपिलात गेली. माझी गाडी त्या कंपनीची नाही. पण सांगलीत आणि कोल्हापुरात सूट हजाराच्या फरकानंसुद्धा का हलत नाही, असा प्रश्न पडणाऱ्यांनी ते प्रकरण वाचावं. सूट देता येत नाही, मार्जिन कमी, मग कमाई विमा, कर्ज आणि किटमधून काढायची. कारण समजतं. पण त्याचा भार न विचारणाऱ्या गिऱ्हाइकावर का?

गाडी नोंदणीच्या आधी डोळ्यांनी बघायची, हा माझा आग्रह होता. एकदा आपल्या नावावर नोंद झाली की खरचटलेली गाडीसुद्धा आपलीच. "यार्ड लांब आहे, मुहूर्ताला बघा की," असं म्हणत होते. मी गेले. धुळीनं माखलेल्या गाडीवर ओलं फडकं फिरवलं तेव्हा मागच्या डाव्या दाराच्या कडेला बोटभर ओरखडा निघाला. टायरवर कोरलेले चार आकडे बघितले, २४२५, म्हणजे २०२५ चा चोविसावा आठवडा. चॅसी नंबर लिहून घेतला आणि फॉर्म २१ (डीलरचा विक्री दाखला) वरच्या निर्मितीच्या महिन्याशी सगळं ताडून पाहिलं. गाडी ताजी होती. ओरखडा माझ्यासमोर लिहून घ्यायला लावला आणि तो डिलिव्हरीच्या आधी नीट काढून दिला. काम चांगलं केलं, हे मुद्दाम लिहिते.

पाडव्याला रांगेत गाड्या, नारळ, हार, फोटो, पेढे. गाडीची माहिती मात्र घाईत उरकली. आणि चावी हातात देताना आमचा सेल्समन, विशीतला पोरगा, हळूच म्हणाला, "मॅडम, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या. कमी पडले तर माझा इन्सेंटिव्ह कापतात." मी त्याला दहा दिले, कारण तो मनानं सरळ होता. पण असे दहा गोळा करून कंपनीला काय कळणार? दोन महिन्यांत त्यानं नोकरी सोडली आणि त्याच्या नंबरवर दिलेली सगळी आश्वासनं त्याच्याबरोबर गेली.

त्यातलंच एक आश्वासन जुन्या गाडीचं. एक्स्चेंज बोनस हवा तर जुनी गाडी त्यांनाच द्यायची होती. बुकिंगआधी एक लाख साठ म्हणाले, नंतर तपासणीवाल्यानं एक पस्तीस केले. घासाघीस करून दीड लाखावर ठरलं. फेब्रुवारीत माझ्या मोबाइलवर ई-चलान आलं. महामार्गावर वेगमर्यादा ओलांडली, फोटोसकट. फोटोत माझी जुनी गाडी, मागच्या काचेवर मुलाच्या कॉलेजचं स्टिकर तसंच. गाडी दलालाकडून पुढं गेली होती, पण कागदावर अजून माझीच. मला चलानापेक्षा भीती अपघाताची वाटली. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. माझ्याकडं तारीख, वेळ, किलोमीटर आणि शिक्का असलेली डिलिव्हरी नोट होती, ती मागून घेतली होती. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी नं आरटीओला कळवण्याची सोय आहे, त्यानंतर जबाबदारी डीलरची. तो फॉर्म शोरूमनं भरलाच नव्हता. शोरूमला फेऱ्या मारून काही हललं नाही. कंपनीच्या ग्राहक विभागाला नोटचा फोटो जोडून ईमेल केला आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठं हालचाल झाली. नाव बदललं, चलान त्यांनी भरलं. फोन करून माफी कुणी मागितली नाही.

सर्व्हिसचा अनुभव मिश्र आहे. मोफत सर्व्हिसला मजुरी मोफत, पण जॉब कार्डावर (करायच्या कामांच्या यादीत) एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल क्लीनिंग आधीच टाकलेलं असतं. काट मारा म्हटलं की मारतात. खाली काम करणारे मेकॅनिक मात्र मनापासून करतात. एकानं गाडी लिफ्टवर असताना मला जवळ बोलावून खालून सगळं दाखवलं आणि हेडलाइटची उंची ॲडजस्ट करून दिली, त्यानं रात्रीचा थोडा फरक पडलाय.

वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिस तिथंच करणार आहे. विम्याचा पहिल्या वर्षाचा भाग ऑक्टोबरमध्ये संपतोय, थर्ड पार्टी २०२८ पर्यंत आहे. शोरूममधून नूतनीकरणाचे फोन आत्तापासून सुरू झालेत. मी त्यांना आयडीव्ही आणि जोडण्यांसकट कोटेशन ईमेलवर मागितलंय, अजून आलेलं नाही.