मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर, आठ महिन्यांच्या वापरानंतर (ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो, रत्नागिरी)

गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएसवाली. महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाटातून कोल्हापूर होतंच, आणि साखरपा सोडलं की वळणावर पाय काढून परत दिला की बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) यायला जो वेळ लागायचा तेवढाच माझा प्रॉब्लेम होता. हा कंट्रोलर पॉवर वाढवायला लावला नाही, हे आधीच सांगतो, कारण सेटिंग कुठे थांबवायचं ते यावरच ठरतं.

वस्तू साधी आहे, पितळेची बॉडी, आत एक बॉल आणि स्प्रिंग, टर्बोकडून वेस्टगेटच्या ॲक्चुएटरला जाणाऱ्या होसमध्ये बसते. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनच्या बाजूने सोडून देणारी झडप, आणि ॲक्चुएटर म्हणजे बूस्टच्या दाबाने ती उघडणारा डबा. एरवी काय होतं, बूस्ट बनायला लागला की दाब लगेच ॲक्चुएटरवर जातो आणि वेस्टगेट आधीच किलकिलं व्हायला लागतं, मग थोडा एक्झॉस्ट टर्बाइन न फिरवताच निघून जातो. इथे ठरलेला दाब होईपर्यंत बॉल वाट अडवून धरतो, त्यामुळे टर्बो लवकर जोर धरतो. या गाडीत हे काम ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) एन७५ नावाच्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हकडून करून घेतो, त्याचे होस बाजूला केले पण वायरचा प्लग तसाच लावून ठेवला, काढला तर चेक इंजिन लाइट येते.

बूस्ट गेज नसेल तर हे लावूच नका, खरंच. नॉब पूर्ण ढिला करून सुरुवात, मग अर्धा-अर्धा आटा आत, लॉकनट घट्ट, आणि प्रत्येक वेळी पालीच्या पुढच्या चढावर पहाटे रस्ता मोकळा असताना थर्डमध्ये फुल थ्रॉटल, शेजारी मित्र गेजकडे बघणार. स्टॉकला माझ्या गेजवर ०.६ बार दिसायचं. एकदा ०.९ पर्यंत नेलं तर ईसीयूने थ्रॉटलच आवळला, गाडी एकदम मेली, बंद करून चालू केल्यावर ठीक झाली. तिथून मागे येत ०.७५ ला ठेवलं आणि घाटात पहिल्याच फेरीत फरक कळला, वळणातून बाहेर येतानाच गाडी ओढते.

पण ते जानेवारीतलं सेटिंग होतं. मे महिन्यात तीच गाडी त्याच घाटात जड वाटायला लागली. गेजवर बूस्ट बरोबर, ओढ नाही. उकाड्यात आत जाणारी हवा तापलेली, नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटून ठोके पडणं) सुरू झालं की ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, मग तो जास्तीचा बूस्ट काय कामाचा. पाव आटा सोडून ०.७ केलं, मिळेल तिथे नॉकिंग कमी करणारं ९५ ऑक्टेन पेट्रोल भरायला लागलो, आणि गाडी उलट जास्त मोकळी पळायला लागली. आता बारा महिने ०.७ च ठेवणार.

जुलैत वेगळंच. पहिल्यांदा पाय दिला की बूस्ट झकास, पाय काढून लगेच परत दिला की गाडी सुस्त. मेस्त्रीने आणि मी दोन दिवस लीक शोधला, शेवटी निघालं ते बॉडीवरचं सुईएवढं भोक. बॉलच्या पुढे अडकलेला दाब त्यातूनच बाहेर पडतो, ते तेल आणि मळीने बुजलं होतं, त्यामुळे पाय काढल्यावरही वेस्टगेट पटकन मिटत नव्हतं. बारीक तार आणि कार्ब क्लीनर, पाच मिनिटांचं काम. पितळ हिरवं पडलंय, स्प्रिंगला गंजाचे ठिपके. आमच्याकडची खारी हवा, तिथे दर दोन महिन्यांनी उघडून बघायलाच हवं.

होससुद्धा त्याच वेळी बघा, विशेषतः कंट्रोलर ते ॲक्चुएटर. तो तुकडा निसटला किंवा चिरला तर वेस्टगेटला दाबच पोचत नाही आणि बूस्ट अडवणारं कोणी उरत नाही. मी सिलिकॉनचा टाकलाय, शक्य तेवढा आखूड, दोन्ही टोकांना क्लिप.

मायलेजमध्ये फरक जाणवला नाही. नवीन डिझेलवाले विचारतात म्हणून सांगतो, तुमच्या व्हेरिएबल व्हेनच्या (हलत्या पात्यांच्या) टर्बोला हे चालत नाही, तिथे वेस्टगेटच नसतं. गणपतीला चार माणसं आणि डिकी भरून कोल्हापूरला गेलो, आंबा घाटात एकदाही फर्स्ट टाकावा लागला नाही.