रायवळाखालची बैठक, वर्षभर वापरून

परसातल्या जुन्या रायवळ आंब्याखाली बसायची जागा करून घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. थंडी, मोहर, मे महिना, पाऊस सगळं त्यावरून गेलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. जागा झकास झाली आहे. पण बाराही महिने वापरता येईल असं कोणी सांगत असेल, तर त्याच्या परसात आंबा नसावा.

घर चिपळूणजवळ. बुंधा एकाच्या कवेत न मावणारा. गवंड्याचा हट्ट होता, बुंध्याला भिडवून गोल सिमेंटचा पार बांधू आणि आत भराव टाकू. दिसायला छान दिसतं, पण बुंध्यावर माती चढली की साल कुजायला लागते. शिवाय अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते उगाच नाही. बरीच हुज्जत झाली. शेवटी बुंध्यापासून पाच फूट माती मोकळी ठेवली आणि त्यापुढे जांभ्याचे चिरे ग्रिटवर सुटे मांडले. पाया खणला नाही, सांध्यात सिमेंट भरलं नाही. एके ठिकाणी मूळ वर आलं होतं, तिथला चिरा डुगडुगायचा. तो काढूनच टाकला. आता मुलं नेमकी त्या मुळावर बसतात, बाक रिकामा.

झोपाळा फांदीला टांगावा असं घरात सगळ्यांचं मत होतं. दोर घासून साल गेली की खोडकिड्याला आयतं दार, म्हणून लोखंडी पाइपाची वेगळी चौकट करून घेतली, चिऱ्यांच्या कडेला. दिसायला ती जरा शाळेच्या मैदानासारखी आहे, हे मान्य.

थंडीत ही जागा स्वर्ग. सकाळचा चहा, पेपर, दुपारी आईचं पापडाचं नाहीतर निवडण-टिपणाचं काम, सगळं तिथेच. मग मोहर आला आणि त्याच्या पाठोपाठ तुडतुडे. संध्याकाळी झाडाखाली गेलं की तोंडावर आपटतात. त्यांचा चिकटा वरून बारीक तुषारांसारखा पडतो, बाकावर हात ठेवला की हात सोडवून घ्यावा लागतो. पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पंधरवड्यात कळकट झाल्या, त्यांतल्या दोन अजूनही निघालेल्या नाहीत. कापडी गाद्यांचा विचारच करू नका. सागवानी बाक तेवढा साबणाच्या पाण्याने पुसून स्वच्छ होतो.

मे महिन्यात सावली अशी की पंख्याची आठवण येत नाही. मात्र उंचावरून पडणारा पिकला रायवळ डोक्यात बसला तर गंमत वाटत नाही, म्हणून बाक फळं धरलेल्या फांद्यांखालून ओढून कडेला घेतला. जड, पुरून बसवलेलं काही केलं नव्हतं त्याचा इथे फायदा झाला. रात्री वटवाघळं येतात. सकाळी चिऱ्यांवर अर्धवट चावलेले आंबे, चोखून टाकलेला चोथा आणि विष्ठा, त्यामुळे चहाच्या आधी खराटा. झाडावर दिव्यांच्या माळा आम्ही गुंडाळल्या नाहीत. एकच पिवळा दिवा चौकटीला आहे, आणि पहिल्या पावसात पंखवाल्या वाळवीने तोही बंद करायला लावला.

पावसाळ्यात जागा बंदच समजा. सांधे मोकळे असल्यामुळे पाणी साचलं नाही, पण जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. ब्लीचिंग पावडर मुळांजवळ नको म्हणून जाड वाळू टाकून खराट्याने घासलं. दर आठवड्याला पुन्हा तेच. वयस्कर माणसं घरात असतील तर जाण्यायेण्यापुरती खरखरीत फरशीची एक पट्टी आधीच घालून घ्या.

एक काम राहिलं आहे. पश्चिमेकडच्या फांदीवर बांडगूळ चढलंय, मोहर फुटायच्या आत गडी लावून ते काढायचं. तोवर झोपाळा त्या बाजूने हलवून ठेवला आहे.